पोवई नाक्यावर बंद पडणारी पद्मिनी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी त्यांच्याकडे आली आहे, सोलेक्स कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). सकाळी चोक ओढला की गाडी चटकन चालू होते. पण पंधरा-वीस मिनिटं चालून तापली की पोवई नाक्यावर थांबल्या थांबल्या बंद पडते. चोक किंचित ओढून धरला तर तग धरते. वर्षभरात तीन मेकॅनिकनी 'ट्यूनिंग' केलं. दर वेळी चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. आता रेसिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती, वाढवून ठेवली आहे, तीही आपोआप चढते-उतरते आणि किल्ली बंद केल्यावरसुद्धा इंजिन दोन-चार आचके देतं. तिसऱ्या मेकॅनिकने मिक्सरचा (मिश्रणातलं पेट्रोल कमी-जास्त करणारा) स्क्रू पूर्ण आत घातला तरी इंजिन बंद पडलं नाही, हे त्यांनी शेजारी उभं राहून पाहिलं. त्याचं म्हणणं, कार्ब्युरेटर गेला, मारुतीचा बसवू. यजमान इंजेक्शन किटच्या शोधात आहेत आणि भाऊ म्हणतो विकून टाक. 'मला गाडीतलं काही कळत नाही, पण मला ती चालवायची आहे. काय करू?' असं त्या विचारतात. सोबत पीयूसीच्या पावतीचा फोटो आहे.

उत्तर :

ताई,

गाडीतलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय आणि त्याच पत्रात निदान निम्म्याहून जास्त करून टाकलंय. तीन मेकॅनिकनी मिळून जेवढं पाहिलं नाही तेवढं तुम्ही एकटीने पाहिलंत. फक्त तुम्हाला कोणी विचारलं नाही. गॅरेजमध्ये बाई गाडी घेऊन गेली की 'साहेबांना पाठवा' म्हणणारे अजून आहेत, त्यांचं सोडून द्या.

आधी चोकचं बघू. तापलेलं इंजिन चोक ओढल्यावर सुधारतं, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. चोक हवा अडवतो आणि मिश्रण घट्ट करतो, म्हणजे त्यातलं पेट्रोलचं प्रमाण वाढवतो; उलट झालं की मिश्रण पातळ. इंजिनात पेट्रोल जास्त जात असतं तर चोक ओढताच ते घुसमटून बंद पडलं असतं. सकाळी गाडी नीट चालते तीही याच कारणाने. तेव्हा चोक ओढलेलाच असतो आणि तो दोष झाकून ठेवतो. चोक आत ढकलला की दोष उघडा पडतो. इतर वाचकांनीही आपल्या जुन्या गाडीवर आधी हीच चाचणी करावी. पैसे लागत नाहीत, पाना लागत नाही.

तुमची पीयूसीची पावती हेच सांगते. तुमच्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. तुमचे आकडे ०.४ टक्के आणि ११२० पीपीएम. गाडी पास झाली आणि सगळ्यांनी पावती खिशात घातली. पण कार्बन मोनॉक्साइड इतका कमी म्हणजे मिश्रण फार पातळ, आणि हायड्रोकार्बन इतका जास्त म्हणजे काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. हे दोन्ही एकत्र दिसतं तेव्हा बहुतेक वेळा इंजिन पातळ मिश्रणामुळे मधूनमधून मिसिंग मारत असतं. पीयूसी केंद्रातलं यंत्र स्लो स्पीडलाच (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) मोजतं, त्यामुळे ट्यूनिंगसाठी याहून स्वस्त साधन गावात सापडायचं नाही. आपण मात्र त्यातून फक्त पास-नापास वाचतो.

आता मिक्सरच्या स्क्रूकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्ब्युरेटरमधली बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप, जवळजवळ पूर्ण मिटते. तिच्या खाली, इंजिनाच्या बाजूला, एक बारीक भोक असतं. तिथून स्लो जेटचं (बारीक भोकाच्या पितळी तोटीचं) पेट्रोल थोड्या हवेबरोबर ओढलं जातं आणि त्यावर इंजिन स्लोला चालतं. मिक्सरचा स्क्रू त्या भोकावरच बसतो. त्याच्या जरा वर, मिटलेल्या बटरफ्लायच्या कडेशी, आणखी एक-दोन भोकं असतात. बटरफ्लाय उघडायला लागली की ती उघडी पडतात आणि मुख्य जेट कामाला लागेपर्यंत इंजिनाला सांभाळतात. म्हणजे मिक्सरच्या स्क्रूची सत्ता फक्त बटरफ्लाय मिटलेली असताना चालते.

तुमच्या गाडीत काय झालं असणार ते बघा. कुठल्या तरी कारणाने गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. पहिल्याने कारण शोधलं नाही, रेसिंगचा स्क्रू अर्धा आटा आत फिरवला. बटरफ्लाय थोडी उघडली, गाडी चालू राहिली. मूळ दोष वाढला तेव्हा दुसऱ्याने आणखी अर्धा आटा. तिसऱ्याच्या हातात गाडी आली तोवर बटरफ्लाय इतकी उघडी होती की इंजिन वरच्या भोकांवरच चालत होतं. मग मिक्सरचा स्क्रू आत घाला नाहीतर काढून खिशात ठेवा, फरक काय पडणार? स्क्रूचा परिणाम होत नाही याचा अर्थ त्याने कार्ब्युरेटर गेला असा लावला. खरा अर्थ, बटरफ्लाय मिटतच नाही.

बाकीची लक्षणंही यातूनच येतात. किल्ली बंद केली की ठिणगी थांबते, पण उघड्या बटरफ्लायमधून मिश्रण आत येत राहतं आणि तापलेल्या सिलिंडरमध्ये आपणहून पेटतं. त्याचेच ते आचके. रेसिंग चढते-उतरते त्यामागे प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असू शकतो. त्याच्या आत स्प्रिंगने धरलेली छोटी वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पाडतात. स्लो स्पीड मिनिटाला ७०० ते ८०० फेऱ्यांवर असलं की वजनं शांत असतात. ते हजार-बाराशेवर नेऊन ठेवलं की वजनं हलायला लागतात, ठिणगी पुढे सरकते, इंजिन आणखी पळतं, मग पातळ मिश्रणावर अडखळून खाली येतं, वजनं मिटतात, आणि पुन्हा तेच चक्र.

म्हणून 'कार्ब्युरेटर कोणता बसवू' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. पहिल्यांदा गाडी बंद पडली ती कशामुळे, हे शोधायचं आहे. मेकॅनिकला सांगा, पहिल्या दिवशी कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही. तो हसेल. हसू द्या.

सुरुवात प्लगपासून. चारही काढून क्रमाने मांडायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. टोक पांढरं, खडूसारखं असेल तर मिश्रण पातळ. काजळी असेल तर घट्ट. ओलं तेलकट असेल तर गोष्ट वेगळीच. चारही पांढरे असले तर दोष सगळ्यांना सामाईक आहे. एकच पांढरा असला तर त्या सिलिंडरच्या जवळपास कुठे तरी हवा शिरतेय. प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चार आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. टॅपेट घट्ट झालेले असतील, म्हणजे तिथली फट बुजली असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत, आणि त्याचा त्रास रस्त्यावर कमी, स्लोला जास्त जाणवतो. टॅपेट सेट करणं तासाभराचं काम आहे, पण कटकटीचं, म्हणून टाळलं जातं.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क. जळलेले, खड्डे पडलेले असतील तर नवे घाला, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजून ठेवा आणि सोबत कंडेन्सर बदला. डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून आतला शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. कुरकुरत डुलत असेल तर पॉइंटची फट दर ठिणगीला वेगळी होणार आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी टिकणार नाही. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच, या तुमच्या तक्रारीत मला याचाही वास येतो. टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघायचं ते या सगळ्यानंतर.

तरीही, चोक आणि पीयूसी एकत्र वाचले तर माझा पहिला संशय चोरट्या हवेवर आहे. बटरफ्लायच्या खाली कुठूनही शिरलेल्या हवेला मेकॅनिक 'गाडी हवा खेचते' म्हणतात. जागा ठरलेल्या आहेत : कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं (मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीचं) पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी, ब्रेकला बूस्टर लावलेला असेल तर त्याची नळी, आणि बटरफ्लायची दांडी. वेगात असताना ही हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य असते. स्लोला इंजिन मुळातच कमी हवा घेत असतं, तिथे तेवढीच हवा गाडी बंद पाडायला पुरते.

तपासायची माझी पसंतीची रीत तेलाच्या कुपीची आहे. इंजिन चालू ठेवून बटरफ्लायच्या दांडीच्या दोन्ही टोकांवर, मग पॅकिंगच्या कडेने इंजिन ऑइलचा एकेक थेंब सोडत जायचं. जिथे थेंब पडताच आवाज बदलतो तिथे हवा शिरते. काही जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. त्याने लवकर कळतं, पण तो पेट घेतो, आणि खाली तापलेलं एक्झॉस्ट आहे, बाजूला ठिणग्या पाडणारा डिस्ट्रिब्युटर. थेंब पुरे.

चाळीस वर्षं पाय दाबला-सोडला गेलाय, तेव्हा दांडी झिजलेली नसेल तरच नवल. इंजिन बंद करून ती चिमटीत धरा आणि वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर समजा. लेथवाल्याकडे बॉडी थोडी मोठी बोअर करून पितळी बुश बसवता येतात. दुसरी जागा बुडाची. दोन नट आवळून आवळून कार्ब्युरेटरचं बूड धनुष्यासारखं वाकतं. नवं पॅकिंग घातलं, गळतंय, म्हणून आणखी आवळलं, की आणखी वाकतं. कार्ब्युरेटर काढल्यावर बूड सपाट काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. दिसला तर काचेवर एमरी पेपर ठेवून सावकाश घासून सपाट करता येतं. मग नवं पॅकिंग, आणि नट हलक्या हाताने, आलटून पालटून.

काढलाच आहे तर स्लो जेटही बघून घ्या. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. टाकीतल्या गंजाचा एक कण पुरतो. तो हवेच्या प्रेशरने साफ करायचा. तार, टाचणी, सेफ्टी पिन, यातलं काहीही नको. पितळ मऊ असतं, भोक वाकडंतिकडं झालं की जेट बाद.

पेट्रोलचंही सांगतो, कारण हा प्रश्न आजकाल प्रत्येक पत्रात असतो. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोल जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला साधारण १३.५. तुमच्या गाडीचे जेट जुन्या हिशेबाने पाडलेले आहेत, म्हणजे दोष काहीच नसला तरी ती थोडी पातळच चालणार. त्यात इथेनॉल पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं. पण तेवढ्याने गाडी सिग्नलला बंद पडत नाही. मिक्सर पाव-अर्धा आटा जास्त उघडून ते भरून काढता येतं. सगळं खापर पेट्रोलवर फोडणारा मेकॅनिक भेटला तर त्याला पाइप मात्र बदलायला लावा, इथेनॉलला टिकणारे. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू. मिक्सरचा स्क्रू अलगद, टेकेपर्यंत आत. पिळायचा नाही, नाहीतर टोकाला वळी पडते. मग दीड आटा बाहेर. रेसिंगचा स्क्रू बटरफ्लाय पूर्ण मिटेपर्यंत मागे, आणि तिथून जेमतेम पाऊण-एक आटा आत. गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून पूर्ण तापवायची, चोक पूर्ण आत. मग मिक्सर हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत जोरात आणि सलग चालेल अशी जागा शोधायची, वाढलेली रेसिंग दुसऱ्या स्क्रूने उतरवायची, पुन्हा मिक्सर, पुन्हा रेसिंग, साडेसातशेच्या आसपास येईपर्यंत. आता मिक्सर आत घातल्यावर इंजिन मरायला हवं. मेलं तर काम झालं. मेकॅनिककडे व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तम. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. सातारा सातशे मीटरच्या वर आहे, तिथे दोनेक इंच कमी धरा. काटा स्थिर आहे की थरथरतो हे आकड्याहून जास्त महत्त्वाचं. शेवटी तडक पीयूसी केंद्रात जा. कार्बन मोनॉक्साइड दीड ते अडीच टक्के आणि हायड्रोकार्बन बरंच खाली आलेलं दिसायला हवं.

आता तुमच्या पुढ्यातले पर्याय. मारुतीचा कार्ब्युरेटर बसवून चालणाऱ्या पद्मिनी आहेत, नाही असं नाही. पण मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. तुमचं चार सिलिंडरचं, १०८९. जेट बदलावे लागतात, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट येते, म्हणजे हवा शिरायला आणखी दोन सांधे. आणि मूळ हवा मॅनिफोल्डमधून शिरत असेल तर नव्या कार्ब्युरेटरलाही तोच आजार, वर दहा-बारा हजार गेले. इंजेक्शन किटचं तेच, फक्त जास्त पैशात : सेन्सर, पंप, वायरिंग, आणि बिघडलं तर साताऱ्यात बघणार कोण? यजमानांचा उत्साह थोडा वळवता आला तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे वळवा. पॉइंटची दर काही महिन्यांची कटकट खरोखर जाते आणि मूळ भाग डिकीत ठेवून कधीही परत बसवता येतात. अर्थात शाफ्ट डुलत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त.

सुट्या भागांची चिंता वाटते तेवढी नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण तिला जगवणारे हात आणि माल एका दिवसात नाहीसे होत नाहीत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे विचारा. कार्ब्युरेटरची किट घेताना जुनी पॅकिंग सोबत न्या, भोकं जुळवून बघा.

मेकॅनिक कोणता, तर ज्याच्याकडे फीलर गेज आणि टायमिंग लाइट आहे आणि तो वापरतो तो. वयाने मोठा असणं ही हमी नाही; जुने हातही 'कानाने सेट करतो' म्हणत पाव-पाव आटे फिरवतात. एकाच माणसाकडे जा आणि एक वही ठेवा : तारीख, काय मोजलं, किती निघालं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने फरक पडला हे कोणालाच कळत नाही. तुम्ही शाळेत हेच शिकवत असाल, गॅरेजमध्येही त्याच आवाजात सांगा.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात जाऊ नका. जावंच लागलं तर उतारावर न्यूट्रल करायचं नाही, गाडी गिअरमध्येच ठेवा. इंजिन आचका खाऊन थांबू लागलं तरी चाकं त्याला फिरवत ठेवतात. बूस्टर असलेल्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक जड होतो, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवं.

ज्यांची लक्षणं याहून वेगळी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. चोक ओढताच इंजिन मरत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तापल्यावर पुन्हा चालू होत नसेल, तर फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) बघा. जोरात ब्रेक मारल्यावरच बंद पडत असेल तर फ्लोटची पातळी. रात्री दिवे लावल्यावरच त्रास होत असेल तर डायनामो, बॅटरी आणि अर्थिंग. कार्ब्युरेटर खोलूच नका.

राहिला भाऊ. विकायची असेल तरी आज विकू नका, सिग्नलला बंद पडणारी पद्मिनी भंगाराच्या भावात मागितली जाते. आणि एक तारीख तपासा : १९८६ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नोंदणीचं नूतनीकरण २०२६ मध्ये येतं. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. आरसीवरची मुदत आजच बघा, दुरुस्ती त्याआधी उरका, म्हणजे फिटनेसला गाडी स्वतःच्या पायांनी जाईल. ठेवायची की नाही हे भावाशी त्यानंतर बोला, आणि बोलण्याआधी त्याला एकदा चालवायला द्या.